उसाच्या साखरेचे कोडे

उन्हाळ्यात तोडलेला ऊस फडात पडून राहिला, की साखर घटते, हे इंदापूरकडच्या माझ्या निरक्षर आजीलाही ठाऊक आहे. उष्णतेने हा वेग का वाढतो, हे कोडे स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने उलगडले.

त्यांचा जन्म १८५९ चा. १८८४ साली उप्साला विद्यापीठात त्यांनी द्रावणांच्या विद्युत्वाहकतेवर प्रबंध सादर केला. परीक्षकांना तो पटला नाही; अगदी खालची श्रेणी मिळाली. त्यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशी विद्वानांकडे धाडल्या. ओस्टवाल्ड तर त्यांना भेटायला उप्सालाला आले.

१८८९ साली आम्लामुळे उसाच्या साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होण्याचा वेग अभ्यासताना त्यांनी सांगितले, की सगळेच रेणू अभिक्रियेत उतरत नाहीत. पुरेशी ऊर्जा असलेलेच उतरतात. तापमान थोडे चढले, तरी अशा रेणूंची संख्या झपाट्याने वाढते. उसातली साखरही अशीच फुटते.

१९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते त्या प्रबंधातूनच वाढलेल्या सिद्धांतासाठी. १९२७ साली ते निवर्तले.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. गुणपत्रिका हाती घेताना अजूनही हात कापतो. तेव्हा मला तो खालच्या श्रेणीचा प्रबंध आठवतो.