आकड्यांतून प्राण वाचविणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल

विद्यार्थी मित्रांनो, १२ मे हा जागतिक परिचारिका दिन. हातात दिवा घेऊन रात्री रुग्णांची विचारपूस करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. परंतु त्या उत्तम संख्याशास्त्रज्ञही होत्या, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून त्यांच्या जीवनाची ही दुसरी बाजू आम्ही येथे देत आहोत.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. गणिताची त्यांना मनापासून आवड होती. परिचारिका होण्यास घरातून मोठा विरोध झाला. पण त्या मागे हटल्या नाहीत.

१८५४ मध्ये क्रिमियाचे युद्ध सुरू असताना ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तेथे घाण, गर्दी आणि तुंबलेली गटारे होती. रात्रंदिवस शुश्रूषा करूनही मृत्यू थांबेनात. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ च्या वर गेले. मार्चमध्ये सरकारने पाठविलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे साफ केली, हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा २ च्या आसपास आले.

मायदेशी परतल्यावर त्यांचा जयजयकार झाला. त्या मात्र विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञांच्या मदतीने मृत्यूंच्या नोंदी तपासत बसल्या. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच कितीतरी अधिक सैनिक मेले होते, आणि त्यांतले बरेचसे खुद्द त्यांच्याच रुग्णालयात! हे सत्य पचविणे सोपे नव्हते. तरीही त्यांनी ते झाकले नाही. उलट सरकारपुढे मांडले.

मंत्र्यांना लांबलचक कोष्टके वाचायला वेळ नसतो, हे त्या जाणून होत्या. म्हणून १८५८ मध्ये त्यांनी एक रंगीत आकृती प्रसिद्ध केली. आपल्या वृत्तालेखात कोन लहानमोठे असतात. त्यांच्या आकृतीत बारा महिन्यांच्या बारा पाकळ्यांचे कोन सारखे, पण पाकळीचे क्षेत्रफळ मृत्यूंप्रमाणे कमीजास्त होई. निळा रंग रोगांचा, तांबडा जखमांचा. निळ्या रंगाचा पसारा पाहताच सारे काही ध्यानात येई. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. सर्व रुग्णालयांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवाव्यात, ही योजनाही त्यांनी १८६० मध्ये मांडली.

आपल्या देशाशीही त्यांचे नाते होते. त्या भारतात कधीच आल्या नाहीत. परंतु येथील छावण्यांकडून प्रश्नावलीद्वारे माहिती मागवून त्यांनी ती तपासली. येथे दर हजारी ६९ इंग्रज सैनिक दरवर्षी मरत होते. १८६३ च्या अहवालानंतर पाणी व सांडपाण्याच्या व्यवस्थेत सुधारणा होत गेल्या आणि दहा वर्षांत हे प्रमाण १८ वर आले. पुढे भारतीय खेड्यांच्या स्वच्छतेसाठीही त्या झटल्या. त्यासंबंधी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता.

१३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, गणिताच्या तासाला शेकडेवारी कंटाळवाणी वाटली, तर या पाकळ्या आठवा. आकडा आपल्याविरुद्ध गेला तरी तो खरा मांडायचा, हे धैर्य आपण त्यांच्याकडून शिकू या.