फ्लॉरेन्स नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१२ मे १८२० – १३ ऑगस्ट १९१०) या ब्रिटिश परिचारिका, आरोग्यसुधारक व संख्याशास्त्रज्ञ होत्या. आधुनिक परिचर्येच्या प्रवर्तक म्हणून त्या सर्वज्ञात आहेत. मृत्यूच्या नित्य सहवासात राहणाऱ्या परिचारिकांच्या मनाची त्यांनी वाहिलेली काळजी मात्र त्या मानाने अपरिचित राहिली.

इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरच्यांचा विरोध पत्करून १८५१ मध्ये त्यांनी जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे शुश्रूषेचे शिक्षण घेतले.

== स्कुटारी ==
क्रिमियन युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथील मृत्यूचे प्रमाण ४२ टक्क्यांवर गेले होते. त्या एका हिवाळ्यात आपण सुमारे २,००० मृत्यूशय्या पाहिल्या, असा त्यांचा स्वतःचा अंदाज होता. शक्य तोवर कोणत्याही सैनिकाला एकाकी मरण येऊ नये, यासाठी त्या झटत. दिवंगतांच्या नातलगांना त्या स्वतः पत्रे लिहीत. (चित्रांत त्यांच्या हाती दिसणारा समईवजा दिवा काल्पनिक आहे, प्रत्यक्षात तो घडीचा तुर्की कंदील होता.)

मार्चमध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे साफ करवून घेतल्यावर मृत्यू झपाट्याने घटले. बहुतेक सैनिक जखमांनी नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी गेले, हे युद्धानंतर विल्यम फार यांच्यासह आकडेवारी तपासताना त्यांच्यापुढे स्पष्ट झाले. ही जाणीव त्यांना फार जड गेली. १८५७ मध्ये त्यांची प्रकृती ढासळली आणि पुढील बराच काळ त्यांनी अंथरुणावरच काढला. गेलेल्या सैनिकांचा विसर त्यांना कधी पडला नाही. शोकाला त्यांनी अहवालांचे व आलेखांचे रूप दिले, असे म्हणणे वावगे ठरू नये.

== परिचारिकांचा आधार ==
१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. तेथे प्रत्येक विद्यार्थिनीस झोपण्यासाठी स्वतंत्र खोली मिळे. परिचारिकांचे निवासस्थान हे खरेखुरे घर असावे आणि त्यांना पुरेशी विश्रांती व वार्षिक सुटी मिळावी, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळी हा आग्रह लहान नव्हता. आजाऱ्याला पोकळ दिलासा देणाऱ्यांवर त्यांनी आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात एका स्वतंत्र प्रकरणात कठोर टीका केली.

त्यांच्या शाळेत शिकलेल्या ॲग्नेस जोन्स लिव्हरपूलच्या अनाथ-दरिद्री रुग्णालयात सेवा करताना १८६८ मध्ये टायफसने मरण पावल्या. हा आघात नाइटिंगेल यांना विशेष लागला. त्याच वर्षी त्यांनी जोन्स यांच्यावर मृत्युलेख लिहिला. १८७२ ते १९०० या काळात, काही वर्षे वगळता, विद्यार्थिनींना उद्देशून त्या वार्षिक पत्र लिहीत. सेवेमागील हेतू व धर्मश्रद्धा हा त्या पत्रांचा गाभा असे. रेचल विल्यम्स, अँजेलिक प्रिंगल यांसारख्या मुख्य परिचारिकांशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता, आणि थकलेल्या परिचारिकांना साउथ स्ट्रीटवरील त्यांच्या घराचे दार उघडे असे.

लंडन येथे वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा प्रस्ताव कुटुंबीयांनी नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो येथील त्यांच्या थडग्यावर पूर्ण नाव नसून केवळ आद्याक्षरे व जन्म-मृत्यूचा काळ कोरलेला आहे.