सुईच्या वाटेने घराबाहेर

मैत्रिणींनो, रमाबाई रानडे म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच जणींना २०१२ साली सुरू झालेली 'उंच माझा झोका' मालिका आठवते. मला मात्र रमाबाई आठवतात त्या सुईमुळे. मी कळंबला हिवाळ्यात आमच्या ओटीवर लोकरीच्या विणकामाचा वर्ग घेते. कर्जतच्या बाजारात तयार स्वेटर मिळतो, मग हे कशाला शिकायचं, असं नवीन मुली विचारतात. मी त्यांना रमाबाईंची गोष्ट सांगते.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरातला. माहेरचं नाव यमुना. मुलींना अक्षर शिकवायची पद्धतच नव्हती. १८७३ साली, अकराव्या वर्षी त्यांचं लग्न महादेव गोविंद रानड्यांशी झालं. रानडे एकतिशीचे, पहिली बायको नुकतीच गेलेली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून लहान मुलीशी लग्न केलं, म्हणून लोकांनी खूप नावं ठेवली.

पण त्यांनी बायकोला शिकवायला लगेच सुरुवात केली. घरातल्या मोठ्या बायकांना ते अजिबात रुचलं नाही. दिवसा टोमणे आणि रात्री धडा, असं चाललं. रमाबाई उलटून बोलल्या नाहीत आणि पुस्तकही सोडलं नाही. मराठी झाली, मग इंग्रजी. मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी पुण्यात सभा झाली, तेव्हा त्यांनी गव्हर्नरसाहेबांसमोर इंग्रजीतून मागणी वाचून दाखवली. त्यापायी घरी बोलणी खाल्ली, पण १८८४ साली हुजूरपागेची शाळा उभी राहिली.

१८९३ साली रानडे मुंबईच्या हायकोर्टात न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड पुण्याहून मुंबईला आलं. पुणे-मुंबई आगगाडी तेव्हाही घाट उतरून आपल्या कर्जत-नेरळवरूनच जायची. मुंबईत रमाबाईंनी बायकांसाठी मंडळ काढलं. तिथे भाषा शिकवत, सामान्य ज्ञान शिकवत आणि जोडीला शिवण व हातकामही.

मला यातच त्यांचा शहाणपणा दिसतो. मुलींना पुस्तकं कशाला, घरकाम आणि शिवणटिपण पुरे, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. शिवणाला घरून सहसा आडकाठी नसणार. शिवणाच्या जोडीने त्याच छपराखाली पुस्तकही हाती येत होतं. आजही आमच्याकडे काही वेगळं नाही. विणकामाला जाते म्हटलं की सासूबाई दोन तास सोडतात. त्या दोन तासांत बँकेचा फॉर्म भरायलाही शिकून होतं.

अर्थात काम नीट आलं पाहिजे, तरच त्याला किंमत. म्हणून पहिल्या दिवशी मी सुयाच शिकवते. आपल्याकडच्या जुन्या नंबरात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाडीची, १० नंबरची सव्वातीन आणि १२ नंबरची पावणेतीन. बाळाच्या टोपड्याला आणि स्वेटरला मऊ ४ प्लाय लोकर नि १० किंवा ११ नंबर. स्वेटर दहावर विणला तर खालची पट्टी बारावर घ्या, म्हणजे ती अंगासरशी बसते. जाड लोकरीच्या मफलरला ७ किंवा ८ नंबर. मोज्यांना दोन्ही टोकांना अणकुची असलेल्या सुयांचा संच, कारण ते गोल विणायचे असतात. मोठ्या शालीला मध्ये वायर असलेली लांब सुई बरी, सगळं वजन मनगटावर येत नाही. नवशिक्यांनी लाकडी किंवा बांबूची सुई घ्यावी, धातूच्या सुईवरून टाके पटकन निसटतात. आधी चार इंचांचा चौकोन विणून मोजा. टाके घट्ट येत असतील तर जाड सुई घ्या, सैल येत असतील तर बारीक. दुसरीचा नंबर आपल्या हाताला चालेलच असं नाही.

पुन्हा रमाबाईंकडे येऊ. जानेवारी १९०१ मध्ये रानडे गेले. रमाबाई अडतीस वर्षांच्या. त्या पुण्याच्या वाड्यात परतल्या आणि वर्षभर जवळजवळ कुणात मिसळल्या नाहीत. त्या काळच्या विधवेचं आयुष्य तिथेच संपायचं. त्यांचं नाही संपलं. त्या येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. २ ऑक्टोबर १९०९ रोजी आपल्या राहत्या वाड्यात त्यांनी पुणे सेवासदन सुरू केलं. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या बरोबरीने उभे राहिले. तिथे शिक्षण होतं, शिवण होतं आणि पुढे ससून रुग्णालयात परिचारिका होण्याची वाटही. परक्या माणसाला हात लावायचा म्हणून तेव्हा चांगल्या घरच्या बायका त्या कामाला नाही म्हणत. सेवासदनातल्या विधवा ते शिकल्या, पगार घेऊ लागल्या. दिराच्या दारात पोळीसाठी बसणं काहींचं तरी सुटलं.

१९१० साली रमाबाईंच्या आठवणींचं पुस्तक निघालं. पुढे मुलींना सक्तीचं प्राथमिक शिक्षण मिळावं, बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणूनही त्या झटल्या. १९२४ साली त्या गेल्या. १९६२ साली सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

तेव्हा मैत्रिणींनो, सुई हातात घ्याल तेव्हा नंबर बघून घ्या. आणि विणलेलं विकलंत, तर आलेले पैसे आपल्या नावाच्या खात्यात टाका. रमाबाईंनी बायकांच्या हाताला काम दिलं ते नुसतं वेळ जावा म्हणून नव्हे.