प्रभूच्या दिवसासाठी थांबलेला धावपटू

रविवारी सकाळी मंदिराची घंटा वाजते, आणि त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या महाविद्यालयीन सामन्याची शिट्टीही वाजते. आपल्या देशात रविवार हा सुटीचा दिवस असल्यामुळे आंतरमहाविद्यालयीन सामने, धावण्याच्या शर्यती, इतकेच नव्हे तर अनेक मोठ्या स्पर्धा परीक्षाही याच दिवशी ठेवल्या जातात. आपण मुंबई-पुण्यात असू किंवा इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर येथे, आपल्या ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच : मुलाने उपासनेला यावे की मैदानावर जावे? आईवडील पाळकांकडे पाहतात, पाळक पवित्र शास्त्राकडे पाहतात, आणि मुलगा बिचारा वेळापत्रकाकडे पाहत राहतो.

शंभर वर्षांपूर्वी एडिंबरो विद्यापीठातील एका विद्यार्थ्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. त्याच्या पुढ्यातला सामना गावातला किंवा जिल्ह्यातला नव्हता, तर साऱ्या जगाचा होता. त्या विद्यार्थ्याचे नाव एरिक हेन्री लिडेल. त्याने काय नाकारले हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु नाकारल्यानंतर त्याने काय केले, आणि आयुष्याच्या शेवटी तोच प्रश्न पुन्हा समोर आला तेव्हा तो कसा वागला, हे समजून घेतल्याशिवाय त्याची साक्ष आपल्याला पुरती कळत नाही.

मिशनरी घरातील बालपण

एरिकचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधील तिआनजिन या शहरी झाला. त्याचे वडील रेव्ह. जेम्स लिडेल व आई मेरी हे दोघेही स्कॉटलंडमधून लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने सेवेसाठी तेथे गेले होते. एरिक सहा वर्षांचा व त्याचा मोठा भाऊ रॉबर्ट आठ वर्षांचा असताना दोघांना इंग्लंडमधील मिशनऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या शाळेत ठेवण्यात आले. पुढे हीच शाळा एल्थम कॉलेज या नावाने ओळखली जाऊ लागली. आईवडील चीनला परतले, आणि दोघा भावांनी वर्षानुवर्षे वसतिगृहातच दिवस काढले. ज्या काळी पत्र पोहोचायलाच कित्येक आठवडे लागत, त्या काळातील हा वियोग होता. प्रभूच्या सेवेची किंमत मोजावी लागते हे एरिकला प्रवचनांतून शिकण्याची गरजच पडली नाही.

१९२० साली तो विज्ञानाच्या अभ्यासासाठी एडिंबरो विद्यापीठात दाखल झाला. विद्यापीठाच्या वार्षिक क्रीडास्पर्धांत त्याच्या पायांतील वेग सर्वांच्या नजरेत भरला, आणि टॉम मॅककर्चर या कुशल प्रशिक्षकाने त्याला हाताशी धरले. डोके मागे टाकून, तोंड उघडे ठेवून आणि हात वेडेवाकडे हलवीत धावण्याची त्याची रीत पाहून लोक हसत. पण शर्यत संपेपर्यंत ते हसू मावळलेले असे. रग्बीच्या खेळातही १९२२ व १९२३ मध्ये तो स्कॉटलंडच्या संघातून सात सामने खेळला.

१९२३ हे वर्ष त्याच्या जीवनात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात डी. पी. थॉमसन या सुवार्तिकाच्या आग्रहावरून आर्मडेल या खाणकामगारांच्या गावी त्याने प्रथमच उघडपणे आपल्या विश्वासाची साक्ष दिली. तो मोठा वक्ता नव्हता. तो साध्या शब्दांत बोलला, परंतु देशाला ठाऊक असलेला खेळाडू प्रभूविषयी बोलतो म्हटल्यावर लोक ऐकू लागले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात लंडन येथील राष्ट्रीय स्पर्धेत त्याने शंभर यार्डांची शर्यत ९.७ सेकंदांत जिंकली. त्यानंतर काही दिवसांतच स्टोक येथे ४४० यार्डांच्या शर्यतीत पहिल्या काही पावलांतच धक्का लागून तो मैदानाबाहेर पडला. तरीही तो उठला, सुमारे वीस यार्डांचे अंतर भरून काढले आणि सर्वांच्या पुढे जाऊन शर्यत संपवली. पुढच्या वर्षीच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचे पदक हाच आणील, अशी आशा सर्वत्र व्यक्त होऊ लागली.

वेळापत्रकातील रविवार

लिडेल ज्या परंपरेत वाढले तिच्यात चौथ्या आज्ञेला फार मोठे स्थान होते. स्कॉटलंडमध्ये रविवारी दुकाने बंद, मैदाने ओस आणि मंदिरे भरलेली असत. प्रभूचा दिवस उपासनेचा व विश्रांतीचा, ही तेथील घराघरांतील शिस्त होती. फ्रान्समध्ये मात्र रविवार हा करमणुकीचा दिवस. ऑलिंपिकचे वेळापत्रक जाहीर झाले तेव्हा शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवार, ६ जुलै १९२४ या दिवशी ठेवल्याचे दिसून आले. ज्या दोन रिले शर्यतींत त्यांची निवड अपेक्षित होती, त्यांच्या अंतिम फेऱ्याही पुढच्याच रविवारी, म्हणजे १३ जुलैला येत होत्या.

या प्रसंगावर १९८१ साली निघालेल्या 'चॅरियट्स ऑफ फायर' या प्रसिद्ध चित्रपटात लिडेल यांना ही बातमी पॅरिसला निघताना जहाजावर चढतेवेळी कळते असे दाखवले आहे. वस्तुस्थिती तशी नव्हती. वेळापत्रक त्यांना कित्येक महिने आधीच कळले होते, आणि त्यांनी आपला नकारही तेव्हाच कळवला होता. चित्रपटातील क्षण नाट्यमय आहे खरा, परंतु सत्य अधिक कठीण आहे. क्षणाच्या आवेशात नाही म्हणणे सोपे असते. महिनोन्महिने वर्तमानपत्रांची टीका आणि मित्रांची निराशा सोशीत त्याच शब्दावर ठाम राहणे, यालाच धीर लागतो. त्यांनी देशाशी प्रतारणा केली असेही काहींनी म्हटले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लिडेल रुसून घरी बसले नाहीत. जे नाकारले त्यावर शोक करण्याऐवजी, जे उरले होते त्यासाठी त्यांनी तयारी सुरू केली. दोनशे व चारशे मीटरच्या शर्यती आठवड्याच्या इतर दिवशी होत्या. चारशे मीटर हे त्यांचे मुख्य अंतर नव्हे. तरीही मॅककर्चर यांच्या देखरेखीखाली त्यांनी त्या अंतराचा सराव केला. त्या वसंत ऋतूत अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या स्पर्धेत ते धावले, पण तेथे त्यांना विशेष यश लाभले नाही. म्हणजे पॅरिसला जाताना त्यांच्या हाती यशाची कोणतीही हमी नव्हती.

६ जुलैच्या रविवारी शंभर मीटरचे धावपटू मैदानावर उतरले, तेव्हा लिडेल त्यांच्यात नव्हते. ७ जुलैला ती शर्यत ब्रिटनच्याच हॅरॉल्ड अब्राहम्स यांनी जिंकली. ९ जुलैला दोनशे मीटरमध्ये लिडेल यांना तिसरे स्थान व कांस्यपदक मिळाले. १० व ११ जुलै या दोन दिवसांत त्यांना चारशे मीटरसाठी चार वेळा धावावे लागले. अंतिम शर्यतीच्या दिवशी संघाच्या मालिश करणाऱ्या सेवकाने त्यांच्या हाती एक चिठ्ठी दिली. तिच्यात शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील दुसऱ्या अध्यायाच्या तिसाव्या वचनाचा आधार होता. देवाचा मान राखणाऱ्याचा मान देव राखतो, या आशयाचे ते वचन आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहेच. प्रशिक्षक नव्हे, अधिकारी नव्हे, तर खेळाडूंचे पाय चोळणारा एक साधा माणूस त्यांच्या निर्णयाचा अर्थ समजला होता.

त्यांना मैदानाची सर्वांत बाहेरची मार्गिका मिळाली होती, त्यामुळे प्रतिस्पर्धी दिसण्याची सोय नव्हती. पहिले दोनशे मीटर त्यांनी २२.२ सेकंदांत काटले. एवढ्या वेगाने आरंभ करणारा शेवटी कोसळणार असे जाणकारांना वाटले. ते कोसळले नाहीत. ४७.६ सेकंदांत त्यांनी शर्यत पूर्ण केली व नवा ऑलिंपिक विक्रम नोंदवला. दुसरे आलेले अमेरिकेचे होरेशियो फिच ०.८ सेकंद मागे होते. त्यानंतरचा रविवारही लिडेल यांनी पाळला, आणि रिले शर्यती त्यांच्याविनाच झाल्या.

१७ जुलैला एडिंबरो विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्यांना विज्ञानाची पदवी देताना कुलगुरूंनी त्यांच्या मस्तकी पानांचा मुकुट ठेवला. समारंभानंतर विद्यार्थ्यांनी त्यांना खांद्यावर घेऊन सेंट जाइल्स मंदिरापर्यंत मिरवत नेले.

मैदानाकडून सेवेकडे

असे यश लाभल्यावर दुसरा कोणी पुढच्या ऑलिंपिकचा विचार करता. लिडेल यांनी एक वर्ष ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला आणि १९२५ साली, अवघ्या तेविसाव्या वर्षी, ते चीनला रवाना झाले. तिआनजिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजात त्यांनी विज्ञान शिकवले, मुलांना खेळांत तयार केले व शब्बाथशाळेचे काम पाहिले. १९३२ साली त्यांची दीक्षा झाली. १९३४ साली कॅनेडियन मिशनऱ्यांची कन्या फ्लॉरेन्स मॅकेंझी हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. अशा धामधुमीत लिडेल यांनी शहरातील सुरक्षित काम सोडून श्याओचांग येथील ग्रामीण सेवा पत्करली. तेथील इस्पितळात त्यांचे बंधू रॉबर्ट हे डॉक्टर होते. सायकलवरून खेडोपाडी हिंडत, सैनिकांच्या चौक्या ओलांडत त्यांनी सेवा केली. तलवारीच्या घावाने मान चिरलेल्या एका माणसाला त्यांनी गाडीवर घालून इस्पितळात आणले. तो वाचला आणि पुढे विश्वासात आला. १९४१ साली धोका वाढल्यावर त्यांनी गर्भवती पत्नीला व दोन मुलींना कॅनडास पाठवले. तिसरी मुलगी तेथे जन्मली. तिचे मुख पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

छावणीतील रविवार

मार्च १९४३ मध्ये जपानी सैन्याने त्यांना शांतुंग प्रांतातील वेइशिएन येथील छावणीत नेले. पूर्वी ते मिशनचे आवार होते. तेथे सुमारे दीड हजार परदेशी स्त्री-पुरुष व मुले दाटीवाटीने कोंडलेली होती. आईबापांपासून ताटातूट झालेली शाळकरी मुलेही त्यांत होती. लिडेल यांनी त्यांना विज्ञान शिकवले, पुस्तके नसताना आकृत्या हाताने काढून दिल्या, म्हाताऱ्यांसाठी पाणी व कोळसा वाहिला आणि संध्याकाळी मुलांचे खेळ घेतले. मुले त्यांना अंकल एरिक म्हणत.

खेळ ते सहा दिवस घेत, रविवारी नाही. छावणीतील काही तरुणांना हे रुचेना. काटेरी तारेच्या आत कामाविना व आशेविना असलेल्या मुलांना रविवार फार लांब वाटे. एका रविवारी त्यांनी स्वतःच हॉकीचा खेळ मांडला. पंच कोणीच नसल्याने खेळाचे पर्यवसान मारामारीत झाले. त्यानंतरच्या रविवारी लिडेल स्वतः शिट्टी घेऊन मैदानावर आले आणि पंच म्हणून उभे राहिले. छावणीतून वाचलेल्यांनी ही आठवण पुढे सांगितली आहे.

ज्या मनुष्याने सुवर्णपदकासाठी रविवारी पाऊल टाकले नाही, त्याने कैदेतील मुलांसाठी ते टाकले. वरवर पाहता हा विसंवाद वाटेल. परंतु विचार केला की ध्यानात येते की दोन्ही निर्णयांचे मूळ एकच होते. पॅरिसमध्ये जायचे होते ते त्यांचे स्वतःचे होते, म्हणून ते त्यांनी सोडले. छावणीत बिघडत होती ती दुसऱ्यांची लेकरे होती, म्हणून त्यांनी आपला नियम बाजूला ठेवला. प्रभू येशूनेही शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताच्या मनुष्याला बरे केले, ते शब्बाथ तुच्छ मानून नव्हे. त्या दिवसाचा हेतू ओळखून.

शत्रूंसाठी प्रार्थना करा, असे ते मुलांना डोंगरावरील प्रवचनाच्या आधारे शिकवीत. अखेरच्या दिवसांत त्यांनी आपले जुने, दुरुस्त करून वापरलेले धावण्याचे बूट स्टीफन मेटकाफ या मुलाला देऊन टाकले. तोच मुलगा पुढे जपानात मिशनरी म्हणून गेला. मेंदूतील गाठीमुळे लिडेल यांची प्रकृती ढासळत गेली, आणि २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, त्रेचाळिसाव्या वर्षी, ते प्रभूत निजले. त्यानंतर सहा महिन्यांनी, १७ ऑगस्टला, छावणी मुक्त झाली. त्यांच्या कबरेवर लाकडाचा साधा क्रूस होता. १९९१ साली एडिंबरो विद्यापीठाने तेथे स्कॉटलंडच्या ग्रॅनाइटचा स्मृतिशिलालेख उभारला.

प्रिय वाचकहो, आपल्या मुलांपुढे जेव्हा रविवारचे वेळापत्रक येईल, तेव्हा लिडेल यांच्या चरित्रातून आपण काय घ्यावे? नुसता नकार घेतला तर तो अभिमान होईल, आणि नुसती सवलत घेतली तर ती सोय होईल. आपण दोन प्रश्न स्वतःला विचारावेत : या दिवशी मी जे सोडतो ते माझे आहे काय? आणि या दिवशी मी जे करतो ते दुसऱ्याच्या भल्यासाठी आहे काय? ज्याला या दोहोंची उत्तरे प्रार्थनापूर्वक देता येतील, त्याला प्रभूचा दिवस ओझे वाटणार नाही. आपल्या तरुणांना असा विवेक व असा धीर लाभो, हीच प्रभूचरणी विनंती.