उपकर आणि उपकार : सर धनजीशा कूपर यांचे राजकारण

आष्टा हे गाव स्थानिक स्वराज्याच्या इतिहासात तसे जुने. 1850 च्या कायद्यानुसार देशात ज्या गावांनी नगरपालिका स्वीकारली, त्यांत आष्ट्याचा क्रम बराच वर लागतो. तेथील नगरपालिका 1853 सालची, म्हणजे सातारचे राज्य खालसा झाल्यानंतर अवघ्या पाच वर्षांत स्थापन झालेली. गावाच्या वेशीच्या आत या नगरपालिकेचा कारभार चाले. वेस ओलांडून पेठेकडे वा बागणीकडे निघाले, की रस्ता, शाळा, दवाखाना आणि धर्मशाळा यांची मालकी बदलत असे. तेथून सातारा जिल्हा लोकल बोर्डाची हद्द सुरू होई. वाळवे तालुका त्या काळी सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा 1949 साली झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. लोकल बोर्डाच्या राजकारणात दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ज्या एका माणसाचा शब्द सर्वांत वजनदार ठरला, त्याचे नाव आज जुन्या पिढीच्या आठवणीत आणि एका कारखान्याच्या पाटीवर तेवढे उरले आहे. ते नाव म्हणजे सर धनजीशा बमनजी कूपर.

कूपर यांचा जन्म 1878 सालचा. सातारा हीच त्यांची कर्मभूमी. पारशी समाजाची जिल्ह्यातील वस्ती बोटांवर मोजण्याइतकी. जातीचे संख्याबळ हा आपल्याकडील राजकारणाचा पाया मानला जातो, त्या हिशेबाने कूपर यांना राजकारणात स्थानच मिळावयास नको होते. परंतु संख्याबळाची उणीव त्यांनी दोन गोष्टींनी भरून काढली. एक, उद्योगातून उभे केलेले भांडवल आणि दुसरी, सरकारदरबारी असलेला वशिला. 1922 साली त्यांनी साताऱ्यात कारखाना काढला. लोखंडी नांगर हे त्याचे आरंभीचे प्रमुख उत्पादन. किर्लोस्करवाडीचा नांगर शेतकऱ्यांच्या परिचयाचा झालेला होताच. त्याच्याशी स्पर्धा करीत कूपर नांगरही काळ्या रानात उतरला. पुढे रेल्वेच्या सातारा रोड स्टेशनाजवळ मोठा कारखाना उभा राहिला आणि 1930 नंतरच्या दशकात तेथे डिझेल इंजिने तयार होऊ लागली. भारतात तयार झालेल्या अगदी पहिल्या डिझेल इंजिनांत त्यांची गणना होते. यंत्रसामग्री परदेशातूनच यावयाची असे समीकरण रूढ असताना, एका आडवळणाच्या जिल्ह्यात असा कारखाना उभारणे हे सामान्य कर्तृत्व नव्हे.

परंतु कूपर हे केवळ कारखानदार नव्हते. ते ब्राह्मणेतर पक्षाचे सातारा जिल्ह्यातील प्रमुख पुढारी होते. हा पक्ष कशातून जन्मला हे समजल्याशिवाय कूपर यांचे राजकारण समजणार नाही. महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यातील मुख्य तक्रार आर्थिक होती. सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामातून यावा आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरिष्ठ वर्गाच्या पदरात पडावा, हा तो अन्याय. सातारा जिल्ह्यात सत्यशोधक जलशांनी ही तक्रार खेडोपाडी पोहोचविली. 1919 च्या सुधारणा कायद्याने मर्यादित मताधिकार आला, मराठा व तत्सम जातींसाठी मुंबई कायदेमंडळात सात जागा राखून ठेवल्या गेल्या, आणि या तक्रारीला प्रथमच निवडणुकीचे रूप मिळाले. टिळकांच्या पश्चात राष्ट्रीय चळवळीचे स्थानिक नेतृत्व वकील आणि सावकार यांच्या हाती असल्याची भावना बहुजन समाजात तीव्र होती. म्हणून ब्राह्मणेतर पक्षाने असहकाराऐवजी कौन्सिलप्रवेशाचा मार्ग धरला. त्या मार्गावर सरकारशी बोलणी करू शकणारा, पैशाचे पाठबळ असणारा आणि ब्राह्मण नसलेला पुढारी पक्षाला हवाच होता. कूपर यांच्यात हे तिन्ही गुण एकत्र आले होते.

1923 साल या दृष्टीने निर्णायक ठरले. त्या वर्षीच्या मुंबई लोकल बोर्ड कायद्याने जिल्हा बोर्डांत लोकनियुक्त सभासदांचे बहुमत पक्के केले. त्याच वर्षीच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने खेड्यांतील शाळांचा कारभार या बोर्डांकडे सोपविण्याचा मार्ग मोकळा झाला. रस्ता आणि शाळा ही खेड्याच्या जीवनातील दोन मोठी साधने एकाच दालनात आली. मास्तरची नेमणूक, त्याची बदली, रस्त्याच्या कामाचा मक्ता, विहिरीची मंजुरी हे सारे ज्याच्या हाती, त्याच्या हाती जिल्हा, असा हा सरळ हिशेब होता. कूपर यांनी तो इतरांच्या आधी ओळखला आणि बोर्डावर आपल्या पक्षाची पकड बसविली.

त्यांच्या राजकीय भूमिकेला आज कोणी जाहीरनाम्याचे रूप द्यावयाचे ठरविले, तर त्यातील कलमे सहज सांगता येतील. कायद्याच्या चौकटीत राहून आणि सरकारशी सहकार्य करून जे मिळेल ते पदरात पाडून घ्यावे. सत्ता शहरी सुशिक्षितांच्या हातून काढून जमीनधारक बहुजनांकडे आणावी. रस्ते, पूल आणि शाळा यांवर भर द्यावा, कारण माल बाजारात पोहोचल्याशिवाय शेतकऱ्याला दाम मिळत नाही. यंत्राला व उद्योगाला उत्तेजन द्यावे. करबंदी, बहिष्कार, कायदेभंग या मार्गांपासून मात्र चार हात दूर राहावे. ही भूमिका पुराणमतवादी खरी, पण ती भाबडी किंवा निर्हेतुक नव्हती. इंग्लंडातील परगण्यांच्या कारभारात तेथील हुजूर पक्षाचे जमीनदार ज्या चालीने वागत, त्या चालीचेच हे देशी रूप होते. व्यवस्था मोडू नये, तिच्यातील जागा आपण पटकवाव्यात, असे तिचे सार.

या भूमिकेची बलस्थाने मान्य केली पाहिजेत. ज्या समाजाला कचेरीच्या पायरीवर उभे राहण्याचीही धास्ती वाटे, त्या समाजातील माणसे या काळात बोर्डाच्या खुर्च्यांवर बसू लागली. अर्ज कसा करावा, अंदाजपत्रक कसे वाचावे, ठराव कसा मांडावा याचे शिक्षण त्यांना तेथेच मिळाले. पुढे सहकारी संस्था आणि जिल्हा परिषदा चालविणारी पिढी ज्या घरांतून आली, त्यांतील अनेकांचा कारभाराशी पहिला परिचय लोकल बोर्डाच्या निमित्ताने झाला होता. राष्ट्रीय चळवळीच्या गौरवात ही बाजू झाकली जाऊ नये.

मात्र या राजकारणाचा पाया किती अरुंद होता हे अंकगणितानेच दिसते. लोकल बोर्डाचे मुख्य उत्पन्न म्हणजे शेतसाऱ्यावरील उपकर. तो साऱ्याच्या दर रुपयास एक आणा या दराने सुरू झाला. सोळा रुपये सारा भरणारा शेतकरी बोर्डाला एक रुपया देत असे. एवढ्याशा रकमांच्या बेरजेतून जिल्ह्याचे रस्ते आणि शाळा चालवणे अशक्य होते. साहजिकच बोर्डाचे डोळे सरकारी अनुदानाकडे लागत. सरकारची मर्जी राखणे ही मग केवळ राजनिष्ठा न राहता अंदाजपत्रकाची गरज होऊन बसे. दुसरीकडे मताधिकार सारा व मालमत्ता यांच्या अटींनी बांधलेला. खंडाने जमीन करणारा कूळ मालकाच्या साऱ्याचा बोजा खंडाच्या रूपाने उचलत असे, पण सरकारी दप्तरात सारा मालकाच्या नावे असल्याने मत मात्र मालकाचे. शेतमजुराचा तर प्रश्नच नव्हता. कर अप्रत्यक्षपणे सर्वांचा आणि मत थोड्यांचे, अशी ही रचना होती. ज्यांना मत नाही, त्यांच्या वाडीचा रस्ता झाला तर तो हक्क ठरत नसे, पुढाऱ्याचा उपकार ठरत असे. उपकर हा लोकांचा होता, परंतु त्यातून झालेले काम उपकार म्हणून परत येत होते.

उपकारावर उभे राहिलेले राजकारण उपकाराची परतफेडही मागते. विरोधकांनी या कारभाराला कूपरशाही हे नाव दिले ते यामुळेच. या संदर्भात कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण बोलके आहे. भाऊरावांचे घराणे आष्ट्याच्याच परिसरातील ऐतवडे बुद्रुकचे. 1910 च्या सुमारास दुधगावच्या विद्यार्थी आश्रमाच्या कार्यात त्यांचा सहभाग होता. किर्लोस्करांचा नांगर खेडोपाडी खपवणारे भाऊराव नंतर कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत सामील झाले. उद्योगाच्या प्राप्तीतील वाटा बहुजनांच्या शिक्षणाकडे वळावा ही त्यांची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही असे त्यांचे चरित्रकार सांगतात, आणि दोघांत कायमचे वितुष्ट आले ही तर सर्वश्रुत गोष्ट आहे. 1919 साली काले येथे स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था भाऊरावांनी मग मूठभर धान्याच्या आणि श्रमाच्या बळावर वाढविली. एकाच जिल्ह्यात, एकाच चळवळीच्या मुशीतून निघालेले हे दोन मार्ग. एकाने सत्तेतून समाजाकडे जावयाचे ठरविले, दुसऱ्याने समाजातून शक्ती उभी केली. रयतेची शाळा आज गावोगाव आहे. लोकल बोर्डाच्या त्या बहुमताचा मात्र मागमूस नाही.

1930 च्या सुमारास परिस्थिती पालटली. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले. गूळ, हळद, शेंगा विकून हाती येणारा पैसा आटला, सारा मात्र रोख रुपयांत पूर्वीइतकाच भरावा लागे. सरकारच्या तिजोरीलाच ओढ लागल्यावर अनुदानाच्या आधाराने चालणारे राजकारण लंगडे पडणे क्रमप्राप्त होते. याच सुमारास वारणाकाठी बिळाशीला जंगल सत्याग्रहाचा वणवा पेटला. केशवराव जेध्यांसारखे ब्राह्मणेतर पुढारी काँग्रेसमध्ये गेले आणि बहुजन समाज व राष्ट्रीय चळवळ यांमधील भिंत ढासळू लागली. कूपर मात्र आपल्या मार्गावरून हलले नाहीत. उलट त्यांची सरकारदरबारची चढती कमान याच वर्षांतली. खानबहादूर झालेले कूपर गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात अर्थखात्यापर्यंत पोहोचले आणि सर ही पदवीही त्यांना मिळाली. पायाखालची जमीन सरकत असताना माथ्यावरचा तुरा उंच होत होता.

1937 च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात काँग्रेस 175 पैकी सुमारे निम्म्या जागा मिळवून सर्वांत मोठा पक्ष ठरली. सातारा जिल्ह्यातही वारे फिरले. आत्माराम पाटील यांच्यासारखा तरुण कार्यकर्ता काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आला आणि त्यांच्या प्रचारासाठी विद्यार्थिदशेतील यशवंतराव चव्हाण गावोगाव हिंडले. गव्हर्नरच्या खास अधिकारांविषयी आश्वासन मिळेपर्यंत अधिकारग्रहण करावयाचे नाही असे काँग्रेसने ठरविल्यामुळे गव्हर्नरने कूपर यांना पाचारण केले. 1 एप्रिल 1937 रोजी ते मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. जमनादास मेहता, सर सिद्धप्पा कांबळी आणि हुसेनअली रहिमतुल्ला हे त्यांचे सहकारी. या मंत्रिमंडळामागे बहुमत नव्हते आणि विधिमंडळाला सामोरे जाण्याचा प्रसंग त्याच्यावर आला असता तर ते टिकले नसते हे उघड होते. जुलैमध्ये काँग्रेसने अधिकारग्रहणाचा निर्णय घेतला आणि 19 जुलै रोजी बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. साडेतीन महिन्यांचे हे पंतप्रधानपद कूपर यांच्या साऱ्या राजकारणाचे प्रतीक होते. पद वरून मिळाले होते, ते वरच्यांच्या सोयीपुरतेच टिकले.

पुढील दहा वर्षांत जिल्ह्याने आणखी मोठे स्थित्यंतर पाहिले. 1942 नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. वाळवे तालुका हा त्याचा एक बालेकिल्ला होता. न्यायनिवाडा, गावची व्यवस्था, दारूबंदी ही कामे गावातली माणसे कोणाच्याही सनदेवाचून करू लागली. सरकारशी सहकार्य करून सत्तेत वाटा मिळवावा असे सांगणाऱ्या पुढाऱ्याच्या जिल्ह्यातच सरकार नाकारून कारभार करून दाखविला गेला. प्रतिसरकारच्या मार्गांविषयी मतभेद असू शकतात, परंतु लोकांना कारभार करता येतो हा सिद्धांत त्याने पुराव्यासह मांडला. कूपर यांचे निधन 1947 च्या जुलै महिन्यात झाले. ज्या राजवटीवर त्यांनी भरवसा ठेवला, तिचेही मग थोडे दिवसच उरले होते.

कूपर यांचे मूल्यमापन करताना त्यांना देशद्रोही ठरविणे सोपे आहे आणि उद्योगमहर्षी म्हणून गौरविणेही सोपे आहे. दोन्ही निवाडे अपुरे होत. मागासलेल्या जिल्ह्याला रस्ता, यंत्र आणि शाळा हवी हे त्यांना पटले होते व ते बरोबरच होते. चूक झाली ती दुसरीकडे. ज्यांच्यासाठी हे करावयाचे त्यांना विचारण्याची गरज नाही, असे त्या राजकारणाने गृहीत धरले.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हा लोकल बोर्डाची जागा प्रौढ मताधिकाराने घेतली. कूळ, मजूर, स्त्रिया साऱ्यांचे मत एकाच तोलाचे झाले. 1993 पासून घटनादुरुस्तीने या संस्थांना घटनेचा आधारही लाभला. तथापि अंदाजपत्रकाचे जुने दुखणे बरे झालेले नाही. स्वतःचे उत्पन्न तोकडे आणि वरून येणाऱ्या अनुदानावर भिस्त, ही स्थिती कायम आहे. त्यामुळे रस्ता हा अजूनही कोणी तरी आणलेला असतो आणि त्याच्या फलकावर आणणाऱ्याचे नाव ठळक असते. 2022 साली मुदत संपल्यानंतर राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षे प्रशासक होते, निवडणुका लांबत गेल्या, आणि त्याबद्दल जनतेत म्हणावा तसा क्षोभ दिसला नाही. कामे होत आहेत ना, मग सभासद नसले म्हणून काय बिघडले, असा प्रश्न सुशिक्षितांनीही विचारला. कूपर यांच्या राजकारणाचे मर्म नेमके याच प्रश्नात साठविलेले होते.

आष्ट्यासारख्या गावाला पावणेदोनशे वर्षांच्या स्थानिक स्वराज्याचा वारसा आहे. त्या वारशाचा अर्थ एवढाच, की वेशीबाहेरचा रस्ता आपल्याच पैशाचा आहे हे नागरिकाने ओळखावे आणि तो करणाऱ्याचे आभार मानण्याऐवजी त्याच्याकडे हिशेब मागावा. तो मागितला जात नाही तोवर कूपर यांचा कालखंड संपला असे म्हणता येणार नाही.