कानाने घडवलेले इंजिन

जुनी मोटार पाहायला गेलेला हौशी माणूस आधी तिचे पितळी दिवे आणि रंग न्याहाळतो. जाणकार मात्र इंजिन सुरू करायला सांगतो आणि गप्प उभा राहतो. आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या लोणीत, विहिरीवर डिझेल इंजिने चालत त्या दिवसांत, शेतकऱ्यांपाशीही ही विद्या होती. ठोका बदलला की लांबून बांधावरही कळे. ही विद्या ज्यांनी पराकोटीला नेली त्या हेन्री रॉइस यांचे चरित्र मला म्हणूनच जवळचे वाटते.

रॉइस यांचा जन्म १८६३ चा, इंग्लंडमधला. वडिलांची पिठाची गिरणी बुडाली आणि हेन्री नऊ वर्षांचे असताना ते वारले. या पोराने वर्तमानपत्रे विकली, तारा पोचवल्या. रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी मिळाली, पण फीचे पैसे संपले तशी तीही सुटली. १८८४ साली त्यांनी मँचेस्टरला विजेच्या सामानाचा छोटा कारखाना काढला.

पुढे त्यांनी एक जुनी फ्रेंच देकोव्हिल मोटार घेतली. तिचा खडखडाट त्यांना सोसवेना. मोटार म्हटली की आवाज आलाच, असे तेव्हा लोक धरून चालत. रॉइस यांच्या लेखी मात्र आवाज म्हणजे कुठेतरी राहिलेली चूक. एप्रिल १९०४ मध्ये त्यांची स्वतःची मोटार रस्त्यावर आली. मे महिन्यात चार्ल्स रोल्स यांची गाठ पडली आणि १९०६ साली रोल्स-रॉइस कंपनी उभी राहिली.

सहा सिलिंडरांच्या इंजिनाने मात्र त्यांची परीक्षा पाहिली. त्यातला क्रँकशाफ्ट लांब असतो. प्रत्येक स्फोटाने त्याला पीळ बसतो, आणि ठरावीक वेगाला हे झटके झोक्याला नेमक्या वेळी दिलेल्या धक्क्यांसारखे एकात एक मिळून थरथर वाढवत नेतात. पुढच्या गाडीत रॉइस यांनी शाफ्ट जाड केला आणि त्याला सात बेअरिंगांचा आधार दिला. हीच ती ‘सिल्व्हर घोस्ट’. १९०७ साली निरीक्षकांच्या देखत ती १५,००० मैल चालवली. ६२९ मैलांवर ती थांबली, कारण हादऱ्याने पेट्रोलची तोटी बंद झाली होती! त्यानंतरचे १४,३७१ मैल ती बिघाडाने एकदाही थांबली नाही.

१९०८ साली ही परीक्षा आपल्या मुलखात झाली. मुंबई ते कोल्हापूर आणि परत, सुमारे ६२० मैल, वाटेत सहा घाट. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स-रॉइस त्यात विजयी ठरली आणि ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. घाट ही खरी कसोटी. सपाटीवर झाकलेला बेअरिंगचा खोल ठोका चढावर भार पडताच उघडा पडतो. थरथर कुठली हे ओळखायची युक्तीही सोपी आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर वेगात असताना क्षणभर गिअर काढावा. थरथर गेली तर संशय इंजिनावर. राहिली तर चाके आणि मागचा शाफ्ट पाहावा.

इंजिनाची बारीकशी कुरकूर ऐकणाऱ्या रॉइस यांनी स्वतःच्या शरीराची कुरकूर मात्र कधी मनावर घेतली नाही. लहानपणी पोटभर अन्न नव्हते, मोठेपणी जेवणाची आठवण नसे. १९११ च्या सुमारास ते अंथरुणाला खिळले, मोठी शस्त्रक्रिया झाली. पुढची वीसेक वर्षे ते डर्बीच्या कारखान्यापासून दूर, फ्रान्समध्ये आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहिले. आराखडे तपासणीसाठी त्यांच्याकडे जात. २२ एप्रिल १९३३ रोजी ते गेले.

वर्षाला एकदा घरची गाडी आपण न चुकता सर्व्हिसिंगला नेतो. घरातल्या कर्त्या माणसाचा दम लागतो, खोकला हटत नाही, तिकडे मात्र दुर्लक्ष करतो. रॉइस यांच्या चरित्रातून घ्यायचा धडा मला तरी हाच दिसतो.