मोहोळातला मध, कणगीतलं भात

दोस्तांनो, नेरळमार्गे माथेरानला कितीदा गेला असाल! हुतात्मा भाई कोतवालांचं नाव वाटेत वाचलंही असेल. पण हा माणूस हुतात्मा होण्याआधी काय करत होता, ते माहितेय?

त्यासाठी आधी रानात चला. कर्जत-खालापूरचे ठाकूर, कातकरी पिढ्यान्‌पिढ्या मध काढत आलेत. आग्या मोहोळ कड्यावर, सातेरीचं झाडाच्या ढोलीत. सातेरी माशी फुलोऱ्याच्या दिवसांत मध साठवते आणि भर पावसात त्यावर तगते. मध काढणाऱ्याच्या घरात मात्र पावसाळ्याची बेगमी नसायची. छोट्या शेतकऱ्याचंही तेच. आषाढात कणगी रिकामी, मग सावकाराकडून खावटी. सुगीला ती दिढीने फेडायची, की कणगी पुन्हा रिकामी. कष्ट याचे, साठा दुसऱ्याचा!

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांनी नेमकं हेच हेरलं. १ डिसेंबर १९१२ला माथेरानमध्ये एका गरीब नाभिक कुटुंबात ते जन्मले. पुण्यात शिकले, वकील झाले. शहरात बस्तान बसवता आलं असतं, पण ते डोंगराकडे परतले. कर्जत भागात त्यांनी धान्य कोठारं सुरू केली. धान्य गावाचंच, गावातच साठवलेलं. अडीनडीला सावकाराच्या दारात जायला नको. हिशेब कळायचा तर अक्षर यायला हवं, म्हणून स्वयंसेवकांच्या शाळाही काढल्या. १९४१मध्ये ते माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले.

मग आलं १९४२. ‘चले जाव’ची हाक ऐकून भाई भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्यात होते कोण? शेतकरी आणि शाळामास्तर! मुंबईच्या गिरण्यांना, रेल्वेला वीज जायची ती खालापुरातल्या खोपोलीसारख्या टाटांच्या वीजकेंद्रांतून. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात दस्त्याने त्या तारांचे मनोरे रात्री-बेरात्री पाडले. कायदा शिकलेल्या माणसाने कायदा मोडला. परिणाम काय होणार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सरकारने त्यांच्यावर बक्षीस लावलं.

२ जानेवारी १९४३. सिद्धगडाच्या जंगलात पहाटे पोलिसांनी दस्त्याला गाठलं. गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी गोमाजी पाटील यांना वीरमरण आलं. भाईंना तिसावं वर्ष पुरं होऊन जेमतेम महिना झाला होता.

मनोरे पाडल्याची गोष्ट थरारक आहे, ती सांगितली जातेच. पण कोठारं आणि शाळा उभ्या करायला रोजचे कष्ट लागले. लोक त्यांच्यामागे जिवावर उदार होऊन उभे राहिले, ते उगाच नाही.

२ जानेवारीला सिद्धगडावर आजही लोक जमतात. यंदा ट्रेक ठरवताना ही तारीख बघा. आणि वाटेत एखाद्या वाडीवर मध घेतलात, तर घासाघीस करू नका!